बिरूभाऊची अकरा मिनिटं

टीव्ही दुरुस्त करणारी बाई म्हटल्यावर लोक आधी माझ्या खांद्यावरून मागं बघायचे. दुकानात माणूस कुठं आहे ते शोधायचे. मी म्हणायची, "माणूस लग्नाला गेलाय." ते खरंच असायचं. आमचे हे लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे आणि मी बारामतीत स्टँडजवळच्या गाळ्यात बसून लोकांचे टीव्ही आणि व्हीसीआर उघडायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आता माझी नात फोनवर सगळं बघते आणि मला विचारते, "आज्जी, टीव्ही दुरुस्त का करायचा? नवा घ्यायचा ना." तिच्यासमोर मी गप्प बसते, म्हणून इथं बोलते.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. अंबाड्यात टेस्टर खोचलेला, खांद्यावर पिवळं फडकं आणि चेहऱ्यावर असा भाव की टीव्हीचा शोध मीच लावलाय. पत्राने कोर्स केलेला, त्याचं सर्टिफिकेट लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलं होतं आणि उदबत्ती दोघांना मिळून ओवाळायची. ती बाई आज भेटली तर मी तिला आधी एक चापट देईन, मग चहा पाजीन.

धंदा मोठा गूढ नव्हता. निम्मं काम धूळ झाडायचं, पाव काम सुटलेला सोल्डरचा टाका परत मारायचा आणि उरलेलं पाव गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं. आमच्या कालव्याच्या मुलखात आणखी एक काम असायचं, टीव्हीतले भाडेकरू बाहेर काढायचं. टीव्हीची पेटी गरम, कोरडी आणि मागून भोकाभोकांची. जीवजंतूंना याहून चांगली धर्मशाळा कुठली? मुंग्या, पाली, झुरळं. एकदा सांगवीच्या एका टीव्हीतून उंदराची चार पिल्लं निघाली, तर मालक म्हणाले, "तरीच बातम्या चालू आसताना चूं चूं यायचं. मला वाटलं मंत्री बोलतोय."

बिरूभाऊची आणि माझी ओळख अशाच एका भाडेकरूमुळं झाली.

काटेवाडीच्या एका गिऱ्हाइकाचा टीव्ही उघडला होता. आत मागच्या झाकणाला कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. मी पेचकस लावून ते उचकटणार, तेवढ्यात काउंटरपलीकडून आवाज आला, "वहिनी, आठ दिवस थांबा की. आत पिल्लं हायत." बघते तर डोक्याला मुंडासं नाही, पण चालणं-बोलणं मेंढपाळाचं, असा विशीतला माणूस. हातात रेडिओ, गळ्यात दुर्बीण. इंदापूरकडच्या माळावर वस्ती, बाप मेंढरं राखायचा. हा शिकून मास्तर होता होता राहिला आणि पाखरं बघत हिंडायला लागला. आईला त्याचं दुःख होतं.

"आठ दिवस?" मी म्हटलं. "गिऱ्हाईक माझं घर उचकटंल."

"सांगा, पार्ट पुण्यास्नं यायचाय."

मी सांगितलं. काटेवाडीकर रोज यायचे, "आला का पार्ट?" मी म्हणायची, "उद्या." हा बिरू रोज येऊन झाकणाला कान लावायचा. नवव्या दिवशी मातीला भोक पडलं, एक काळी-पिवळी माशी निघाली, पाय झाडले आणि दारातून बाजाराच्या दिशेनं उडून गेली. मी झाकण लावून टीव्ही दिला. काटेवाडीकर म्हणाले, "पुण्याचा पार्ट लई भारी दिसतोय, चित्र स्वच्छ झालं." आयुष्यात एवढ्या निर्मळ मनानं मी दुसरं खोटं बोलले नाही.

दोनतीन वर्षांनी तोच बिरू टीव्हीवर आला. रविवारी सकाळी, अर्ध्या तासाचा प्राण्यांचा कार्यक्रम. कुणीतरी त्याला माळावर बोलताना ऐकलं आणि कॅमेऱ्यापुढं उभं केलं. तिथंही तो तसाच बोलायचा, दुकानात मला थांबवलं होतं तसा. उकिडवा बसायचा, हळू आवाजात सांगायचा, मध्येच शिंकायचा. लांडगा लबाड नसतो, लाजाळू असतो, हे त्यानं सांगितलं आणि ज्यांनी लांडग्याला पिढ्यान्पिढ्या शिव्या घातल्या त्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. लोक त्याला बिरूभाऊ म्हणायला लागले. उसाला पाणी द्यायचं सोडून माणसं रविवारी घरी यायची, यावरनं काय ते समजा.

माझ्या तर तो पोटापाण्याच्या कामाला आला. त्याचं असं, की रंगीत टीव्ही विकायचा तर गिऱ्हाइकाला लाल आणि हिरवा दाखवावा लागतो. बातम्यांत कुठला आलाय लाल? म्हणून मी बिरूभाऊचे भाग व्हीसीआरवर भरून ठेवले. पाच कॅसेटी झाल्या. गिऱ्हाईक आलं की उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी लावायचे. पंखाखालचा गुलाबी रंग बघितला की बाई नवऱ्याकडं बघायची आणि नवरा खिशाकडं. रिकाम्या दुपारी मीही लावून बसायची. गावाला आला की बिरूभाऊ स्वतः फुटपाथवरच्या गर्दीत मागं उभा राहून बघायचा. एकदा एक माणूस त्यालाच म्हणाला, "सरक की बाजूला, दिसंना." सरकला बिचारा.

मग एका उन्हाळ्यात लगीनसराई अंगावर आली. एका दिवसात दोन दोन लग्नं. पुण्याहून नव्या कॅसेटी येईनात आणि लोक दारात उभे, "आमचं लग्न कवा देताय?" आता कॅसेटचं असं असतं, की तिच्या पाठीवर प्लास्टिकची एक बारीक खिट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. बिरूभाऊच्या पाचही कॅसेटींच्या खिट्ट्या मी स्वतः, पेचकसानं, मोठ्या प्रेमानं मोडल्या होत्या. आणि त्याच मोडक्या जागेवर मी स्वतः चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी लावली की व्हीसीआर फसतो. पाच कॅसेटींवर पाच लग्नं भरली, सोनेरी फुलांच्या नव्या वेष्टनात घातली आणि नवी म्हणून दिली.

मनात म्हटलं, पुन्हा कार्यक्रम लागतीलच, पुन्हा भरू. माणूस तिशीतला आहे, कुठं जातोय? जुनी वेष्टनं तशीच फळीवर राहिली, माझ्या अक्षरात 'बिरूभाऊ १' ते 'बिरूभाऊ ५'. शोभेला बरी दिसत होती. रोज डोळ्यांपुढं वेष्टनं दिसायची, म्हणून कॅसेटी पण आहेतच, असं माझ्या डोक्यानं ठरवून टाकलं.

आणि बिरूभाऊ गेला. शूटिंगला जाताना घाटात जीप उलटली. चौतीस-पस्तीस वय असेल. त्या दिवशी माझ्या दुकानात कुणी टीव्ही दाखवायला आलं नाही, पण माणसं मात्र येत होती. येऊन नुसती बाकड्यावर बसायची आणि थोड्या वेळानं उठून जायची.

चौथ्या दिवशी इंदापुरात शोकसभा झाली. भाषणं झाली. त्याची आई, हिराबाई, पुढं जमिनीवर बसली होती, डोक्यावरून काळा पदर. लोक तिला हिरामावशी म्हणत. सभा संपल्यावर बायका तिला भेटत होत्या, मीही गेले. ती म्हणाली, "समदी म्हणत्यात लई चांगला बोलायचा टीव्हीत. म्या कवा बघितलंच न्हाय. आमी मेंढरामागं. रानात कुठला टीव्ही? पुढच्या साली बघू म्हनलं."

इतकं साधं बोलली ती. आणि माझ्यातली ती टेस्टरवाली बाई लगेच उभी राहिली. चार लोकांत, मोठ्या आवाजात म्हणाली, "मावशी, माझ्याकडं सगळे भाग आहेत. तेराव्याला टीव्ही आणि जनरेटर घेऊन वस्तीवर येते. बसून बघा."

मावशीनं माझा हात धरला. सोडीचना.

घरी येऊन वेष्टनं काढली. पहिलं रिकामं. दुसरं रिकामं. तिसऱ्यात एक व्हीसीआरची वॉरंटी आणि मेलेलं झुरळ. पाचवं उघडायच्या आधीच मला सगळं आठवलं. मी खाली बसले.

ज्या कंपनीनं कार्यक्रम बनवला होता तिच्याकडं ह्यांनी फोन करून विचारलं. तिकडचा माणूस म्हणाला, टेपा महाग असतात, आम्ही त्याच परत वापरतो. ह्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझी शाखा तिथंही आहे."

मी रडायला लागले तसे जरा नरमले. शूटिंग करणाऱ्याचं डोकं वेगळं चालतं. म्हणाले, "अगं, कॅसेट तीन तासांची. लग्न अडीच तासांचं. शेवटच्या अर्ध्या तासात काय असेल?"

जे खाली होतं तेच असणार. मी लग्न भरताना मागचं पुसत बसले नव्हते, एवढा वेळच नव्हता. आणि लग्नाची कॅसेट पाठवणीच्या रडारडीपर्यंत बघून सगळे बंद करतात. पुढं कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशीपासून दोघं स्कूटरवर निघालो. तीन लग्नं शेवटपर्यंत भरलेली निघाली, कारण मुलीकडच्यांचे पाहुणेच संपत नव्हते. सांगवीच्या कॅसेटमध्ये शेवटी जागा होती, पण घरच्या पोरांनी त्यावर क्रिकेटची मॅच भरून ठेवली होती. राहिलं कोऱ्हाळे बुद्रुकचं एक. तेरावं तीन दिवसांवर आलं होतं. ह्यांना आठवत होतं, त्या लग्नात जनरेटर बंद पडला आणि पंगतीनंतरचं काही शूटिंगच झालं नाही. म्हणजे टेप उरली असणार.

कोऱ्हाळ्यात जिजाकाकू, म्हणजे त्या घरची सासू, ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या.

"या वहिनी. कुणाचा टीव्ही बिघडला?"

"काकू, तुमच्याकडची लग्नाची कॅसेट जरा बघायची होती. शेवटचा भाग."

"का?"

मी आधी म्हणाले, सर्व्हिसिंग. मग म्हणाले, कंपनीची तपासणी. जिजाकाकू देठं खुडत राहिल्या. तिसरं खोटं सुचेना, तेव्हा खरं सांगितलं.

त्यांनी हातातली मिरची खाली ठेवली. "म्हंजे माझ्या लेकाच्या लग्नाला जुनी कॅसेट गळ्यात मारलीस व्हय?"

"हो काकू."

"सोनेरी फुलांच्या डब्यात घालून?"

"हो."

"आन वर मला म्हनलीस, काकू, जपानी माल हाय."

हे स्कूटरला किक मारून बघायला लागले, उगाचच.

"माल जपानीच होता," मी म्हटलं. काकूंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते दाबलं.

"ते ऱ्हाऊ दे. पन लग्नाची वस्तू दुखवट्याच्या घरात न्यायची न्हाय. तेराव्याच्या मांडवात आमच्या सूनबाईच्या अक्षता? न्हाय जमायचं. बिरूभाऊ मलाबी आवडायचा, पन न्हाय."

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या सगळ्याच घरांत असं पाळतात. मी उठणार, तेवढ्यात आतून सून बाहेर आली, सुनंदा. हात पिठाचे.

"आत्याबाई, त्यात शेवटी बिरूभाऊ हायती. मी बघितलंय."

"कवा?"

"दुपारी. तुमी रानात गेल्यावर." ती खाली बघत बोलत होती. "पंगतीत माझं वडील, आण्णा, वाढत्यात. जिलेबी. त्ये आता न्हाईत, म्हणून लावती. त्यांचं झालं की बंद करायला उठवत न्हाय. मग टीव्ही आपला चालतो, पडद्यावर मुंग्या येत्यात, आन मग बिरूभाऊ येतो. टिटवीची अंडी दावतो. त्यो आला की मग उठती, भाकरी करती."

जिजाकाकूंनी मिरच्या बाजूला सारल्या आणि सुनेकडं बघितलं. या घरात दुपारी काय चालतं ते त्यांना आज कळलं होतं.

तेव्हा मला सुचलं. म्हटलं, "काकू, लग्न इथंच राहू दे. लग्नापुढची टेप तेवढी कापून नेते."

"कापायचं? लग्न?"

"लग्न नाही. लग्न संपल्यावर चार बोटं सोडून."

"चार बोटं न्हाय. हातभर सोड."

हातभर टेप म्हणजे वीसेक सेकंदं. बिरूभाऊची वीस सेकंदं कोऱ्हाळ्यात ठेवायची होती. मी हो म्हटलं.

कॅसेट आली ती साड्यांच्या घडीतून, डांबरगोळ्यांचा वास घेऊन. कॅसेटच्या खिडकीतून आतली रिळं बघितली. टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. आमच्याकडं हवेत ओल फार, ऊस पिकतो तशी बुरशीही पिकते. सुनंदाच्या व्हीसीआरचं डोकं, म्हणजे टेप वाचणारा भाग, तोही बुरशीनं बरबटला असणार. अशी कॅसेट आणखी चारदोनदा चालली असती, मग कुठंतरी अडकून चुरगळली असती. म्हणजे बिरूभाऊ तर गेलाच असता, सुनंदाचे आण्णाही गेले असते.

मग ओसरीत पांढरं धोतर अंथरलं आणि बसलो. कॅसेटला पाच स्क्रू असतात. ते काढायच्या आधी काकूंनी तिला हळद-कुंकू लावलं. मला मनातून धडकी, कुंकवाचा कण आत गेला तर. त्या वळल्या की मी पदरानं हळूच पुसलं. त्यांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

अडीचशे मीटर टेप. सुनंदा एका बाजूनं बोटानं रीळ फिरवायची, मी दुसऱ्या बाजूला मऊ कापडाला स्पिरिट लावून टेप चिमटीतून सोडायची. घाई केली तर टेप ताणली जाते, आणि ताणलेल्या टेपवरची माणसं वाकडी होतात. सकाळी बसलो, भाकरी खाऊन परत बसलो. मध्येच सुनंदा म्हणाली, "आता कोण चाललंय वहिनी?" मी अंदाजानं सांगायची, आता हळद, आता मंगळाष्टका. एके ठिकाणी तिनं स्वतःच रीळ अगदी हळू केलं. मीही हात हळू केला.

तिसऱ्या प्रहरी वीज आली. लग्न जिथं संपतं ती जागा टीव्हीवर बघून खूण केली, रीळ बाहेर घेतलं, जिजाकाकूंचा हात टेपला लावून हातभर मोजलं. त्यांचाच हात, म्हणजे उद्या तक्रार नको. मग कात्री चालवली. 

उरलेला तुकडा रिकाम्या कॅसेटच्या रिळाला चिकटवला, झाकण लावलं, व्हीसीआरचं डोकं पुसून कॅसेट आत घातली. आधी मुंग्या. मग खरखर. मग आवाज, चित्राच्या आधी आवाज आला. शिंक आली. बिरूभाऊच शिंकला होता.

हे भिंतीला टेकून उभे होते, ते तसेच खाली बसले. मी घड्याळ लावून बघितलं. बाकीची टेप बुरशीनं खाल्लेली, नुसती खरखर. बिरूभाऊ अकरा मिनिटं होता. अठ्ठावीस भागांतली अकरा मिनिटं. त्याच संध्याकाळी दुकानात त्याच्या दोन प्रती काढल्या, आणि या वेळी खिट्टी मोडून वर मेण ओतलं.

तेराव्याला इंदापूरच्या माळावर, वस्तीत, जेवणं झाल्यावर टीव्ही खाटेवर मांडला. ऊन एवढं, की काचेवर आपलंच तोंड दिसायचं. चौघांनी चार काठ्यांवर घोंगडी धरली, सावली केली. जनरेटर लांब बांधाआड ठेवला, तरी धडधडत होता. हिरामावशीला अगदी पुढं बसवलं.

काकूंचा हातभर गेल्यामुळं बिरूभाऊ त्या शिंकेनंतर वाक्याच्या मध्यातूनच सुरू झाला. "...म्हणून इथं पाय टाकताना आधी खाली बघायचं." उकिडवा बसलेला, समोर खडकाळ माळ, खड्यांत खड्यांसारखी चार अंडी.

माणसं हुंदके द्यायला लागली. मावशी रडली नाही. ती पुढं सरकली आणि म्हणाली, "चप्पल घातली न्हाय बघा."

पडद्यावर टिटवी पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत लांब चालली होती. बिरूभाऊ सांगत होता, ही आपल्याला फसवतेय, अंड्यांपासून लांब नेतेय, तिच्यामागं जायचं आणि फसायचं, ते बरं असतं.

"हे म्या शिकवलंय," मावशी मागं वळून दिराला म्हणाली. "माझं नाव घेतोय का बगा कुठं."

नाही घेतलं. घोंगडी धरलेल्यांपैकी एकजण हसला, मग सगळेच, रडता रडता. घोंगडी हलायला लागली तशी मावशी ओरडली, "नीट धरा रं, ऊन यायलंय त्येच्यावर."

अकरा मिनिटं संपली, मुंग्या आल्या. मावशी पुढच्याची वाट बघत बसून राहिली. तिथं मला उभं राहावं लागलं. ह्यांनी आधी सांगितलं होतं, वीज गेली म्हण, मशीन बिघडलं म्हण. पण जनरेटर तर धडधडत होता.

"मावशी, एवढंच राहिलंय. बाकीचं मीच पुसलं. त्यावर लग्नं भरली. तुम्हाला सगळं आहे म्हणाले ते खोटं होतं."

मावशीनं डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. "लग्नं नीट लागली का?"

"लागली."

"पोरी नांदत्यात?"

"नांदतात मावशी. पाचीच्या पाची."

"मग झालं." तिनं पदर सारखा केला. "घरी यायचा तवा एवढं बी बोलायचा न्हाय. जेवला की झोपला. अकरा मिन्टं सलग त्यो माझ्यासंगं जन्मात बोलला न्हवता. लाव परत."

मी कॅसेट मागं घेतली, परत लावली. मग तिसऱ्यांदा लावली. तोवर उन्हं कलली, घोंगडीची गरज राहिली नाही, धरणारे बसून घेऊन बघत होते. मावशी आता त्याच्याआधीच बोलायची, काठी पुढं घाल, हळू, आता परत शिंकंल बगा.

चौथ्यांदा लावायला मी बटणाकडं हात नेला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "दमला आसंल."